स्विफ्टच्या डिकीत हिशोबाने बनवलेली बंद पेटी : अक्षय्य तृतीया ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. गाडी छोटी हॅचबॅक असेल, डिकी निम्मी तरी मोकळी हवी असेल आणि गाणी स्वतःला ऐकायची असतील, तर बारा इंची सबवूफरला (फक्त खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर, पुढे नुसता सब) नीट माप घेऊन बनवलेली बंद पेटी घ्यावी. तयार मिळणाऱ्या पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक आणि नळी असलेल्या, पेटीपेक्षा ती माझ्या गाडीत स्पष्ट चांगली वाजते. पेटी अक्षय्य तृतीयेला बसवली, मधे अख्खा पावसाळा गेला, दिवाळीत गावी जाऊन आलो. आता लिहायला हरकत नाही.

गाडी तिसऱ्या पिढीची स्विफ्ट, डिकी २६८ लिटरची. सबवूफर १२ इंची, ४ ओमच्या दोन कॉइलचा, ३०० वॉट आरएमएस, म्हणजे सलग पेलेल एवढी ताकद. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्यात, त्यामुळे अँपला (अँप्लिफायरला) २ ओम दिसतात. अँप क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, पुढच्या सीटखाली. हे सगळं आधीपासूनच होतं. बदलली ती फक्त पेटी, त्यामुळे पुढे आवाजाबद्दल जे काही लिहिलंय त्याचं श्रेय किंवा दोष पेटीचाच.

जुनी पेटी सबसोबत दुकानातून आलेली. कार्पेट लावलेली, समोर चकचकीत पोर्ट, दिसायला झकास. पण गाणं कुठलंही लावा, बेस एकाच सुरात. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. एका रविवारी स्पीकर काढून टेप घेऊन बसलो. आतलं माप ३५ लिटरच्या आसपास, पोर्ट साडेसात सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ सेंटिमीटर लांब. पोर्टचं नेहमीचं सूत्र लावलं तर ही पेटी ४६ हर्ट्झला ट्यून होते, म्हणजे पोर्टमधली हवा त्या सुराला सगळ्यात जास्त घुमते. म्हणजे ४६ च्या आसपासचं सगळं फुगून येणार आणि त्याखाली आवाज दर सप्तकाला २४ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) कोसळणार. बेस गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्झची असते. ती वाजेपर्यंत पेटीने हात टेकलेले असायचे. वर बारा इंची कोनला साडेसात सेंटिमीटरचं भोक, त्यामुळे आवाज वाढवला की पोर्टमधून फुस्स-फुस्स हवा. पोर्टमधला हवेचा वेग साधारण १७ मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवावा असा संकेत आहे. इथे तो कुणी मोजलेलाच नसावा.

एक फुकटचा प्रयोग सांगतो. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर पोर्टमध्ये जुना टॉवेल घट्ट कोंबा आणि नेहमीची गाणी ऐका. आवाज थोडा कमी होईल, पण सूर वेगवेगळे ऐकू यायला लागतील. ते आवडलं तर पुढचं वाचा. नाही आवडलं तर तुमची जात पोर्टवाल्यांची आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त मोठी पेटी बनवावी लागेल.

हिशोब घाबरण्यासारखा नाही. स्पीकरच्या कागदावर तीन आकडे बघायचे : एफएस (मोकळा स्पीकर स्वतःहून ज्या वारंवारतेला डोलतो ती), क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलेलं आहे याचा आकडा) आणि व्हीएएस (जेवढी हवा स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ असते ते लिटर). हे आकडे ज्या दोघांमुळे आपल्या हातात आले त्यांनी हे काम ऑस्ट्रेलियात केलं. नेव्हिल थील यांनी पोर्टच्या पेटीवरचा निबंध १९६१ साली लिहिला, पण जगाचं लक्ष गेलं ते १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेल्यावर. मग रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये ते काम पुढे नेऊन बंद आणि पोर्टच्या पेट्यांचं गणित पक्कं केलं. तोवर पेटी बनवणं म्हणजे बरंचसं अंदाजपंचे. बंद पेटीतली हवा हीच स्प्रिंग म्हणून वापरायची कल्पना मात्र त्याआधीची. एडगर विल्चर यांचा एआर-१ हा स्पीकर १९५४ चा.

माझ्या सबचे आकडे : एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४८, व्हीएएस ४५ लिटर. बंद पेटीसाठी करायचं एवढंच. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. येईल त्या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्ही गुणा. पेटी ३२ लिटरची धरली तर ४५ भागिले ३२ म्हणजे १.४१, एक मिळवून २.४१, वर्गमूळ १.५५. म्हणजे पेटीत बसल्यावर स्पीकरची स्वतःची वारंवारता ४३ हर्ट्झ आणि क्यूटीसी (पेटीत बसल्यावरचा क्यूटीएस) ०.७४. आदर्श सपाट आलेखाचा क्यूटीसी ०.७०७ मानतात, त्यासाठी मला साडेअडतीस लिटर लागले असते. पण ०.७४ ला आलेखावर पाव डीबीचासुद्धा उंचवटा येत नाही. कानाला तर मुळीच कळणार नाही. तेवढ्यासाठी साडेसहा लिटर डिकी का घालवा? उलट हीच पेटी १५ लिटरची केली असती तर क्यूटीसी ०.९६, वारंवारता ५६ हर्ट्झ, आणि वर एक डीबीचा फुगवटा. छोट्या पेटीचा बेस कडक लागतो असं दुकानात सांगतात, त्यामागे हाच फुगवटा असतो.

पोर्टचा पर्यायही मांडून बघितला, उगाच पूर्वग्रह नको म्हणून. ५५ लिटर, ३५ हर्ट्झला ट्यून, १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप जवळपास २८ सेंटिमीटर लांब. आलेख देखणा आला. पण पाइप, स्पीकर आणि लाकूड धरून डिकीत बॅग ठेवायला जागा उरत नव्हती. शिवाय माझ्या सबचा एफएस भागिले क्यूईएस (क्यूटीएसचा फक्त विजेकडचा भाग) पन्नासच्या थोडा वर येतो, आणि पन्नासच्या आसपासचे स्पीकर बंद पेटीकडे झुकलेले मानतात, शंभरच्या आसपासचे पोर्टकडे. प्रश्न मिटला.

हे सगळं विनआयएसडी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये केलं. दिसायला जुनाट आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि स्पीकरचे आकडे भरताना एखादा आकडा बाकीच्यांशी जुळला नाही की रुसून बसतं. पण कामाला पक्कं. विशेषतः कोन किती पुढेमागे जाईल याचा आलेख जरूर बघा. पोर्टच्या पेटीत ट्यूनिंगच्या खाली ती रेघ कशी उधळते आणि बंद पेटीत कशी सपाट होते, हे एकदा पाहिलं की सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर कापणारा) कशाला असतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

सॉफ्टवेअर एक गोष्ट आपणहून धरत नाही, ती म्हणजे गाडी. त्याचा आलेख मोकळ्या मैदानातला. माझी पेटी मैदानात २५ हर्ट्झला जवळपास १० डीबी खाली असते. तेवढं बघून बरेच जण बंद पेटीवर फुली मारतात. पण गाडीच्या आतली सगळ्यात लांब बाजू, डॅशबोर्ड ते डिकीचं दार, माझ्या टेपवर २.७ मीटर भरली. ज्या सुराच्या लहरीची अर्धी लांबी यात मावत नाही, म्हणजे साधारण ६३ हर्ट्झच्या खालचे सगळे, तिथे केबिनमधली हवा एकसंध दाबली जाते आणि आवाज आपोआप चढत जातो. सिद्धांतात हा चढ दर सप्तकाला १२ डीबी, आणि बंद पेटीचा उतारही १२ डीबी. दोन्ही एकमेकांना खातात. गाडी काही हवाबंद डबा नसते, पत्रे लवतात, फटी असतात, त्यामुळे पूर्ण १२ कधीच मिळत नाहीत. तरी मित्राचा यूएसबी माइक ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर बांधून मोजलं तेव्हा २५ हर्ट्झचा आवाज ५० च्या जवळपास बरोबरीने आला. मग चारही काचा खाली केल्या आणि पुन्हा मोजलं. खालची सगळी बाजू बसली. हिवाळ्यात काचा उघड्या ठेवून फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता लाकूडकाम. नेटवर सगळे एमडीएफ म्हणतात. एमडीएफ जड आहे, सरळ कापला जातो, आवाजाला उत्तम. पण कापलेल्या कडेला पाणी लागलं की फुगतो, आणि आपल्याकडे चार महिने ओल्या छत्र्या डिकीतच पडतात. म्हणून पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ एमएमचा ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन, प्लाय आणला. आतलं माप रुंदी ५०, उंची ३१, आणि खोली वर १८, खाली २८ सेंटिमीटर, कारण मागच्या सीटची पाठ तिरकी असते. सरासरी खोली २३ धरली की साडेपस्तीस लिटर भरतात. त्यातून स्पीकरच्या मागच्या भागाचे अडीच आणि आतल्या आडव्या पट्टीचा एक वजा केला की उरतात ३२. बाहेरून पेटी जेमतेम ५० लिटरची जागा खाते.

सुतारकाका अनुभवी, पण त्यांचं सगळं काम इंच आणि सुतात. १८ एमएमला ते सहा सुती म्हणतात, आणि खरे सहा सूत म्हणजे १९. म्हणून कागदावर एकही माप मिलिमीटरशिवाय लिहिलं नाही आणि प्लायची खरी जाडी कॅलिपरने मोजून त्यावरून कटिंग काढलं. तिरक्या बाजूचा कोन गुण्याने जमत नव्हता, तर काकांनी पुठ्ठ्याचा साचा कापून थेट सीटला लावून बघितला. ही युक्ती मला सुचली नसती. सांध्यांना फेविकॉल मरीन, शिकंजे, वर स्क्रू. पेटी बंद करायच्या आधी काका थांबले.

"साहेब, हवा जायला भोक ठेवायचं राहिलं ना?"

"नाही काका, हवा आतच कोंडायची आहे."

"मग स्पीकर फाटेल की."

त्यांना समजावण्यापेक्षा संध्याकाळी वाजवून दाखवणं सोपं गेलं.

हवाबंद आहे की नाही हे तपासायची माझी आवडती रीत उदबत्तीची. २० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावायचा, कानाला तो जवळजवळ ऐकू येत नाही, नुसता कोन डोलताना दिसतो. मग पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवायची. घट्ट सांध्यावर धूर सरळ वर जातो. माझ्या पेटीत सगळे लाकडी सांधे पक्के निघाले, पण वायर जिथून आत जाते त्या प्लास्टिकच्या टर्मिनल कपापाशी आल्यावर धुराची रेघ टोनच्या तालावर थरथरायला लागली. बहुतेक पेट्या तिथेच गळतात. आतून सिलिकॉन भरलं. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणून ते पूर्ण सुकेपर्यंत पेटी उघडी ठेवली आणि मगच स्पीकर पुन्हा बसवला. स्पीकरला लाकडाचे स्क्रू लावू नका, टी-नट (लाकडात रुतून बसणारी लोखंडी नट) आणि बोल्ट लावा. चार वेळा काढघाल केली की प्लायमधलं भोक सैल होतं.

मग इंपिडन्स मोजला, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. तो जिथे सगळ्यात जास्त, ती पेटीतल्या स्पीकरची स्वतःची वारंवारता. एक रेझिस्टर, लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर होतं. शिखर ४४ हर्ट्झला, हिशोब ४३ चा. प्लायच्या कामात यापेक्षा जवळचं कुणी मागू नये. नंतर आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर कापूस सैलसर भरला. हवा दाबली की तापते, ती उष्णता तंतू शोषून घेतात आणि पेटी स्पीकरला मोठी वाटते. शिखर ४२ वर आलं, म्हणजे ३२ लिटरची पेटी जणू पाचएक लिटरने वाढली. कापूस कोनला किंवा त्याच्या वायरींना लागू नये म्हणून मधे जाळीचं कापड ठोकलंय.

पेटीच्या आकारावर फार वाद घालतात लोक. समांतर भिंती नकोत, बाजूंचं अमुक गुणोत्तर हवं वगैरे. ५० सेंटिमीटर लांबीच्या पेटीत पहिली उभी लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारी) ३४३ हर्ट्झला बनते. माझा सब ८० ला कापलेला आहे, म्हणजे त्यावरचे सूर त्याच्याकडे जातच नाहीत. तिथे ३४३ ला काय होतं याच्याशी कुणाला देणंघेणं? लिटर बरोबर, गळती नाही, भिंती ताठ, एवढं सांभाळा. आकार डिकीला विचारून ठरवा.

ऐकायला कसं आहे? सुरुवातीला कमी वाटतं, हे खरं सांगायला हवं. जुन्या पेटीच्या घुमण्याची सवय झालेली असते. आठवडाभराने उलटं व्हायला लागतं. बेस गिटारची चाल पायरी पायरीने ऐकू येते, किक ड्रमचा ठोका पडतो आणि थांबतो. तबल्यातल्या डग्ग्याची मींड, हाताच्या मनगटाने दाबत नेलेली, ही माझी कसोटी. जुन्या पेटीत तिचा मधला तुकडा फुगायचा आणि बाकी गायब व्हायचा. आता ती अखंड सरकते. लावणीची ढोलकी फारशी बदलली नाही, तिची बरीचशी मजा पुढच्या स्पीकरांत असते.

मेव्हण्याचं मत वेगळं. तो मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींसमोर वाढलेला. गाडीत बसला, आवाज वाढवला, वर बघितलं आणि म्हणाला, "दाजी, एवढं करून आरसा पण हलेना?" त्याचंही बरोबर आहे. त्याच वॉटमध्ये ३५ ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात चांगली पोर्टची पेटी बंद पेटीला सहज मागे टाकते. आरसा हलवणं हे ध्येय असेल तर बंद पेटी घेऊ नका, किंवा अँप दुप्पट घ्या.

खडखड हा मात्र वेगळाच अध्याय. पेटी खरोखर खाली वाजायला लागली की गाडी बोलायला लागते. फोनवरून २५ ते ९० हर्ट्झचा सरकता टोन लावला आणि बायको मागे उभी राहून एकेका पॅनलवर हात ठेवत गेली. ३८ ला नंबर प्लेट. ५२ च्या आसपास पार्सल ट्रे. मग डिकीच्या दाराच्या प्लास्टिकच्या क्लिपा, आणि एक खडखड जी कुठेच सापडेना ती स्टेपनीच्या खड्ड्यातल्या जॅक-पान्याची निघाली. बुटाइलचे डॅम्पिंग शीट, फोमची टेप आणि पान्याला गुंडाळायला फडकं, यात बरंचसं शांत झालं. नंबर प्लेट अजून पूर्ण ऐकत नाही. या कामाला पेटी बनवण्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि आवाजात फरकही बराच याचाच.

पावसाळ्याचा अहवाल समाधानकारक. ताम्हिणीतून जाताना डिकीचं रबर थोडं पाझरलं, कार्पेट ओलं झालं आणि काही दिवस कुबट वास येत होता. प्लायला काही झालं नाही. पेटीखाली रबराची बुटं लावलीत, त्यामुळे तळ पाण्यात बसत नाही. बाहेरचे साधे स्क्रू मात्र तांबारले, ते बदलून स्टेनलेसचे लावले. आतून पेटीला बंद करण्याआधी दोन हात पॉलिशचे मारून घेतले होते, त्याचाही उपयोग झाला असावा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. ३०० वॉटला अँप भर जोरात साधारण २७ अँपिअर ओढतो. ८ गेजची खऱ्या तांब्याची वायर आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज. वायर घेताना एक तार पात्याने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, एक-दोन गेज जाड घ्यावी लागेल. अँप पेटीवर ठोकू नका, थरथरीने सोल्डर सुटतात.

पेटी आणि स्पीकर मिळून पंधराएक किलो. जोरात ब्रेक लागला तर हे वजन मोकळं असून चालत नाही, म्हणून सीटमागच्या लोखंडी कडीला पट्ट्याने आवळलंय. डिकीच्या तळाला स्क्रू मारायचा मोह झाला तर आधी गाडीखाली वाकून बघा, तिथे पेट्रोलची टाकी आणि पाइप असतात. शिवाय स्टेपनी पेटीखाली अडकते. मी वायरला फिरवून सुटणारा स्पीकॉन प्लग लावलाय, पट्टा सोडला की पेटी उचलून बाहेर. गणपतीत गावी जाताना तिला घरीच ठेवलं, डिकीत मखर गेलं.

सीएनजीवाल्यांचे प्रश्न येतील म्हणून लिहून ठेवतो. टाकीने डिकी व्यापली असेल तर बारा इंचीचा नाद सोडा. कमी लिटरवर चालणारा आठ किंवा दहा इंची स्पीकर शोधा. व्हीएएस लहान असलेला बघा आणि वरचाच भागाकार-वर्गमूळाचा हिशोब लावा. क्यूटीसी ०.९ च्या आत बसत असेल तर घ्या. टाकीला किंवा तिच्या ब्रॅकेटला पेटी टेकवू नका, आणि त्या भागात ड्रिल तर अजिबात नको.